चाखायचं नाही

तेरडा फुलला की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना भाद्रपदात उत्साह येतो. पुसदच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, आघाड्याच्या आणि केन्याच्या जुड्या घेऊन बाया रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या असतात, आणि मी त्या गर्दीतून पिशवी छातीशी धरून चिडचिडत चालत असते. ऊन चिकट असतं. गावाबाहेरच्या टेकड्यांवर सागाला पांढुरका मोहर असतो, सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, कपाशीला पिवळी फुलं लागलेली असतात. सगळं कसं भरात असतं. आणि त्या भरात मला आठवते एक थंड खोली, पांढऱ्या फरशीची, स्टीलच्या ओट्यांची, लोण्याच्या वासानं भरलेली. अशाच एका भाद्रपदात मी घर सोडून फ्रान्सला गेले होते, पेस्ट्री शिकायला.

हे वाक्य पुसदमध्ये मोठ्यानं म्हणायला मला अजून संकोच वाटतो. आमच्याकडं पेस्ट्री म्हणजे बेकरीच्या काचेमागचा तिकोनी तुकडा, वर लाल चेरी. शेजारच्या वंदनाकाकूंनी तेव्हा आईला अगदी मनापासून विचारलं होतं, की पेस्ट्री तर बसस्टँडजवळ भेटते, मग त्यासाठी पोरगी इमानात कायले बसून राह्यली. काकूंचं काही चुकलं नव्हतं. लोणी आणि मैदा यांचे कागदासारखे थर एकावर एक घडी घालत न्यायचे, लोणी वितळू द्यायचं नाही, तुटूही द्यायचं नाही, आणि हे नीट यायला वर्ष जातं, हे मी तरी त्यांना कसं समजावणार होते. आईलाही ते समजलं नव्हतं. पण ती जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आली होती, आणि मुलगी शिकायला जाते म्हटलं की तिच्यापुरता विषय संपत असे. मी नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट करून तिथल्याच एका हॉटेलात लग्नांचे केक सजवत बसले होते, त्यापेक्षा हे बरं, असंही तिला वाटलं असेल. पैशांची गोष्ट मी इथं करणार नाही. ती सगळ्या घरांत सारखीच असते.

आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन पिलं. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी उठतात. सगळा जीव असतो तो मधल्या दिवसात. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्या वर्षी नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, की आता या घरात महालक्ष्म्या मांडायच्या कुणी. मी एकुलती एक, त्यातून मुलगी. शेवटी ठरलं, की पूजेला दिग्रसहून चुलतभाऊ संजूदादा आणि वहिनी येतील आणि आई हळदीकुंकवाला हात लावणार नाही. आईनं वाद घातला नाही. स्वयंपाक मात्र मीच करणार, एवढंच ती म्हणाली. मला तेव्हा भयंकर राग आला होता आणि अजूनही येतो, पण वहिनीचा नाही. ती बिचारी दरवर्षी ओशाळूनच पूजेला बसते.

तर त्या स्वयंपाकाचा एक नियम होता. चाखायचं नाही. नैवेद्य दाखवण्याआधी जिभेला लागलं की ते उष्टं. हा नियम घराघरांत असतो आणि घराघरांत हळूच मोडलाही जातो, पण आमच्या घरी नाही. आई सगळं वासावर करायची. पातेल्यावरचं झाकण उचलायची, मान जराशी तिरपी करायची, वाफ नाकाशी येऊ द्यायची आणि सांगायची, गूळ कमी आहे. पुरणात जायफळ किसताना तिचे डोळे मिटलेले असायचे. मिठाला वास नसतो हे तिला मान्यच नव्हतं. कधी कधी आमटी चांगलीच खारट व्हायची आणि पंगतच्या पंगत मुकाट्यानं जेवायची, कारण प्रसादाला नावं ठेवायची नसतात. मी पाण्याचे पेले रिचवत आईकडं पाहायचे, आणि तीही पेला तोंडाला लावून दुसरीकडं बघत असायची.

मी निघाले त्या वर्षी महालक्ष्म्या उठल्या आणि माझीही निघायची वेळ झाली. घरभर पुरणाचा वास आणि मधोमध माझी उघडी बॅग. आईनं तीत जवसाची चटणी कोंबली, मुगवड्या कोंबल्या, कुरडयांचा डबा कसाबसा बसवला. विमानात वजनाला मर्यादा असते असं सांगितल्यावर ही जन्माची शिक्षिका मला म्हणाली, मग पुस्तकं काढ. नागपूरच्या बसपाशी ती रडली नाही. माझ्या ओढणीला नाक लावलं आणि म्हणाली, "जायफळाचा वास येऊन राह्यला तुह्या कपड्याले. तिथले लोक हासतीन तुले." बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती, आणि मी ती ओढणी पुढं बरेच दिवस धुतली नाही.

लिऑन शहरातली ती शाळा सप्टेंबरात सुरू झाली. मला थंडीचं काही वाटलं नाही, भाषेचंही फारसं नाही. मी अडकले ती चमच्यावर. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही मादाम म्हणायचो. उंच, करड्या केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. एके दिवशी पेस्ट्रीत भरायचं दुधाचं क्रीम करायचं होतं. माझ्या ओट्यावर एकसारखे दोन पांढरे डबे होते, एकात साखर, दुसऱ्यात मीठ. क्रीम सुंदर आटलं. मी आईसारखी मान तिरपी करून वास घेतला. दूध, अंडं, व्हॅनिला, सगळं जागच्या जागी होतं. मादाम चमचा घेऊन आल्या, क्रीम तोंडात घातलं, थांबल्या आणि गिळलं. मग हळू आवाजात विचारलं, "तू चाखलं नव्हतंस?" मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, का. माझ्याजवळ तेवढं फ्रेंच नव्हतं, आणि असतं तरी उष्टं हा शब्द मी त्यात कुठून आणणार होते.

माझ्या शेजारच्या ओट्यावर लुईझा नावाची ब्राझीलची मुलगी होती. तिला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, की आमच्याकडं देवासाठी केलेल्याला आधी आपली जीभ लावायची नसते. लुईझानं विचार केला आणि म्हणाली, मग देवाला खारट गेलं तर? मी म्हटलं, देव बोलत नाही आणि आम्हीही बोलत नाही. ती इतकी हसली की मादामनी वळून पाहिलं. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

संध्याकाळी मी आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मिठाच्या वासावरून मला बोलेल. पण ती म्हणाली, "तिथं कोणाले निवद दाखवाचा हाये? चाख तू."

तिनं परवानगी दिली म्हणून लगेच जमलं असं नाही. ओट्यावर चमच्यांचे दोन डबे असायचे, एक धुतलेल्यांचा, एक वापरलेल्यांचा. मादाम माझ्याजवळ उभ्या राहायच्या आणि प्रत्येक पायरीला एक स्वच्छ चमचा माझ्या हातात द्यायच्या. पहिल्यांदा तो ओठांशी नेताना मी चक्क इकडंतिकडं पाहिलं. चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. पण नाताळ येईतो माझा हात आपोआप त्या डब्याकडं जायला लागला. लिंबाचा आंबटपणा साखरेनं किती दबतो, मीठ कुठं पाठीशी उभं राहतं, भाजलेल्या लोण्याचा कडवटपणा कोणत्या क्षणी नकोसा होतो, हे जिभेला कळायला लागलं. मी त्यात चांगली झाले. हे मीच सांगते, कारण इथं दुसरं कुणी सांगणारं नाही. सकाळच्या थंडीत लोण्याची लादी लाटताना बोटं बधिर व्हायची, आणि मला तेव्हा जितका आनंद व्हायचा तितका आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. वर्ष संपता संपता मादामनी मला एका लहानशा दुकानात जागा मिळवून दिली. पुढच्या हंगामात रुजू व्हायचं होतं. मधल्या सुटीत मी घरी आले.

दिवाळीच्या सुमाराला आईला ताप येऊन गेला होता. फोनवर ती म्हणाली होती, थोडा ताप होता, उतरला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आले ती भर उन्हाळ्यात. कुलर घरघरत होता, पडद्यावर पाणी मारलेलं होतं. मी तिथं स्वतःच्या हातानं केलेल्या लोण्याच्या बिस्किटांचा डबा आणला होता. आईला खुर्चीत बसवलं, झाकण उघडलं आणि डबा तिच्यासमोर धरला. तिनं मान तिरपी केली, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "मस्त वास येऊन राह्यला वं." तिच्या पाठीमागं स्वयंपाकघरात दूध करपत होतं. करपट वास बैठकीत भरला होता, धूर दारापर्यंत आला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि परत आले, तर ती अजून त्या डब्यावर वाकून कौतुकानं हसत होती. तेव्हा मला कळलं.

का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, तू परीक्षा देऊन राह्यली व्हती. यवतमाळच्या डॉक्टरांनी थेंब दिले, नागपूरच्या डॉक्टरांनी लवंग, लिंबू असं रोज हुंगायला सांगितलं आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, इतके महिने गेल्यावर फार आशा धरू नका. आई रोज सकाळी लवंग हुंगायची. शाळेतल्या मुलीसारखी प्रामाणिकपणे करायची ते. मी पाहते आहे असं दिसलं की म्हणायची, आज थोडासा आला. एका सकाळी मी लवंगेच्या डबीत मुद्दाम काहीच ठेवलं नाही. त्या दिवशीही थोडासा आला. मी तिला सांगितलं नाही आणि डबी गुपचूप भरून ठेवली.

पावसाळ्यापुरती राहते, असं मी त्या दुकानाला कळवलं. त्यांनी थांबूनही पाहिलं. पण त्याच पावसाळ्यात एकदा मी बाजारातून आले तर दारं-खिडक्या सगळ्या बंद. गल्लीत माकडं आली होती, म्हणून आईनं लावून घेतल्या होत्या. दार उघडताच गॅसचा भपकारा आला. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू होतं. आई आत पेपर वाचत बसली होती. दिवेलागणीची वेळ होत आली होती आणि देवघरात समईपाशी काडेपेटी काढून ठेवलेली होती. मी खिडक्या उघडल्या. माकडांनी आत येऊन केळी नेली, नेऊ दिली. लिऑनच्या दुकानात दुसरी मुलगी रुजू झाली ती त्याच आठवड्यात.

तेव्हापासून मी इथं आहे. घरून केक करते. बिनअंड्याचे, वर साखरेच्या कागदावर छापलेला फोटो. कधी कुणाची लेक, कधी हात जोडलेले कुणी भाऊ. फोटोतले भाऊ कापताना कार्यकर्ते नाकापासून सुरुवात करत नाहीत, एवढी एक गंमत मी शिकले आहे. एकदा हिवाळ्यात, पुसदची थंडी लोण्याला जरा मानवते म्हणून, थर घालून क्रोसाँ केले. वंदनाकाकूंनी खाऊन पाहिला आणि म्हणाल्या, खारी चांगली जमली, चहासंगं पायजे. मी चहा आणला. चहात बुडवून तो खरंच बरा लागला आणि मला आणखीनच वाईट वाटलं. आता मी तो करत नाही. हात विसरत चालले आहेत. लाटताना लोणी केव्हा तुटणार हे पूर्वी मनगटाला आधी कळायचं, आता तुटल्यावर डोळ्यांना कळतं.

यंदा बाजारात तेरडा दिसला त्याच सुमाराला लुईझाचा निरोप आला. ती लिऑनजवळच्या एका गावात स्वतःचं दुकान काढते आहे. थराचं काम कुणाच्या हाती द्यायचं म्हटल्यावर तिला मीच आठवले. कागदपत्रांचं तिथले लोक बघतील, फक्त लवकर हो किंवा नाही कळव, असं तिनं लिहिलं होतं. मी तो निरोप इतक्यांदा वाचला की पाठ झाला. अशी संधी परत येणार नाही हे मला माहीत होतं. महालक्ष्म्या होऊ दे, मग ठरवू, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाशी तरी बोलायचं म्हणून, मुखवटे पुसता पुसता, वहिनीजवळ बोलले.

जेवणाच्या दिवशी बाहेर संजूदादा मंत्र चुकत होता, वहिनी हळूच दुरुस्त करत होती. आत आई ओट्याशी उभी होती. एरवी ती इंडक्शनवर करते, त्या दिवशी मात्र गॅसच हवा असतो, म्हणून मी खाली सिलिंडरच्या बटणाशेजारीच पाट टाकून बसले होते. पुरण शिजून आटत आलं होतं. आईनं झाकण काढलं, मान तिरपी केली आणि तशीच राहिली. वाफ तिच्या चेहऱ्यावरून वर गेली. किसणी आणि जायफळ तिच्या हातात होतं, आणि ती कधी पुरणाकडं तर कधी जायफळाकडं पाहत होती. मग तिनं चमचा पुरणात बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

"जायफळ टाकलं का नाही, मले समजून नाही राह्यलं. चाख."

मी म्हटलं, "आई, निवद व्हयचा हाये अजून."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "चाख तू."

मी चाखलं. जायफळ दोनदा पडलं होतं, जीभ जड व्हावी इतकं. मी जास्तीची शिजलेली डाळ वाटून त्यात घातली, गूळ वाढवला, चिमूटभर मीठ टाकलं, परत चाखलं, परत थोडा गूळ टाकला. हात सफाईनं चालले होते, मादामना आवडले असते असे. मला मात्र त्या जिभेची किळस आली. सातासमुद्रापलीकडं जाऊन मी हेच शिकून आले होते, आणि माझ्या आईनं ते कधी मागू नये एवढंच मला हवं होतं. पुरण सारखं झालं. मी मान हलवली तेव्हा तिनं झाकण ठेवलं आणि पोळ्यांची कणीक पुढं ओढली. पंगतीत सगळे म्हणाले, यंदाचं पुरण फार छान झालं. आई पेला तोंडाला लावून दुसरीकडं पाहत होती.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. दिग्रसचे लोक गेले. आई पितळी ताटं कोरड्या फडक्यानं पुसत होती, मी ती पेटीत ठेवत होते. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "वहिनी सांगे, ते पोरगी तुले बलावून राह्यली म्हणून. जा तू."

मी म्हटलं, "अन् तू?"

तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. जेवणाचा डबा लावायचा, चौकातली एक बाई देते, वंदनाकाकू तिच्याकडूनच घेतात. शेगडी आणि सिलिंडर काढून टाकायचं, म्हणजे तिकडं मला काळजी नको. चहाला इंडक्शन पुरे. मुखवटे, ते ज्यांच्यावर बसवतात त्या कोठ्या, ही ताटं, सगळं पुढच्या वर्षी दिग्रसला. "संजूले विचारलं मी. तो हो म्हणे," ती म्हणाली आणि पुसलेलं ताट उजेडात धरून डाग राहिला का ते पाहू लागली. तिचा आवाज चांगला होता. वर्गात मुलांना गणित समजावून सांगतानाचा तिचा आवाज असायचा, तो. कुठं हुंदका नाही, कुठं टोमणा नाही. पूजा काढून घेतली तेव्हा जिनं स्वयंपाक धरून ठेवला होता, ती आता स्वतःच्या हातानं तोही सोडत होती, आणि सगळं नीट पुसून सोडत होती. ती खोटं बोलत नव्हती. मी गेले असते तर तिनं अगदी असंच केलं असतं, डब्यातलं जेवली असती आणि फोनवर मला छान आहे म्हणाली असती.

मी लुईझाला त्याच दिवशी कळवलं, येत नाही. तिला वाटलं आईनं अडवलं. तसं असतं तर बरं झालं असतं. आई जा म्हणाली म्हणून मी जात नाही, हे तिला कोणत्या भाषेत सांगायचं ते मला सुचलं नाही. नको म्हणाली असती, तर भांडून, रडून, वाईट ठरून का होईना, मी गेले असते.